पातेऱ्यातला कोळी आणि वडिलांची काडेपेटी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच लक्षात येईल. राजापूर तालुक्यात, कातळाच्या कडेला, तुमची वेंगुर्ला-४ ची काजूबाग आहे आणि गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून हापूसची काही जुनी झाडे आहेत. दिवाळीच्या सुमारास रोज सकाळी झाडांखालच्या पातेऱ्यावर, म्हणजे गळलेल्या वाळक्या पानांच्या थरावर, शेकडो पांढरी जाळी दिसतात आणि दहा वाजेपर्यंत गायब होतात. एका जाळ्यात नाचणीच्या दाण्याएवढा तपकिरी कोळी सापडला. पातेरा ओढायला येणाऱ्या बायका बिचकतात. वडील म्हणतात, सगळा एकत्र ओढून काडी लाव. औषधाच्या दुकानदाराने फवारणी सुचवली. आणि तुम्ही तीन फोटो जोडून विचारताय की ही जात कुठली, विषारी आहे का, आणि आता करायचे काय.

मी कुडाळजवळ राहतो. नोकरीची वर्षे प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली आणि सुट्ट्या पातेरा चाळण्यात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागा, देवराया आणि पोफळीच्या वाड्या धरल्या तर सव्वीस वर्षे झाली. त्या भांडवलावर सांगतो: फोटोवरून जातीचे नाव मी देणार नाही, आणि दिले तरी तुमचे कोडे त्याने सुटणार नाही. समजा मी दोन लॅटिन शब्द लिहून पाठवले, तर पातेरा ठेवायचा की काढायचा हे त्यावरून कसे ठरवणार? वाद पातेऱ्याचा आहे. कोळी त्यात राहतो म्हणून मध्ये सापडलाय बिचारा.

तरी नावाची उत्सुकता मला कळते, म्हणून आधी फोटो घेऊ. तुमच्या तीन फोटोंत मला दोन निरनिराळे प्राणी दिसतात.

पहिल्या फोटोतले जाळे तळहातापेक्षा मोठे आहे आणि त्याच्या एका कडेला आत जाणारे भोक आहे, नरसाळ्यासारखे. हे हिप्पासाचे जाळे. कातळावरच्या गवतात, बांधावर, शाळेच्या मैदानाच्या कडेला, कोकणात हा कोळी कुठेही भेटतो. गंमत अशी की तो लांडगा-कोळ्यांच्या कुळातला आहे. त्या कुळातले बहुतेक कोळी जाळे विणतच नाहीत, पळून भक्ष्य धरतात. हिप्पासा मात्र चादर पसरून भोकाच्या तोंडाशी बसतो आणि चादरीवरून उलटसुलट धावतो. अंगाने सेंटिमीटरभर असतो. मादी अंड्यांची पुटकुळी पाठीमागे चिकटवून हिंडते आणि पिल्ले निघाली की ती पाठीवर घेते. बायकांनी 'पळणारा कोळी' पाहिला असेल तर तो हाच. तुमच्या नाचणीच्या दाण्याशी याचा काही संबंध नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फोटोत जाळे लहान आहे, दोन वळलेल्या काजूपानांमध्ये ताणलेले, भोक नाही. कोळी चादरीच्या खालच्या बाजूला उलटा लटकलाय. हे बघून मी म्हणेन की हा बहुधा लिनिफिडी कुळातला आहे. मी त्यांना चादरकोळी म्हणतो. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या खालोखाल जगातले हे सर्वांत मोठे कुळ, साडेचार हजारांहून जास्त जाती आहेत. त्यांचा खरा बालेकिल्ला थंड देशांत आहे, आपल्याकडे ते तुलनेने कमी, पण भातखाचरात, पातेऱ्यात, पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) काठी हमखास सापडतात. 'बहुधा' हा शब्द मात्र खोडू नका. तो का घातला ते पुढे येईलच.

आता जाळी दहाच्या सुमारास गायब का होतात? ती कुठेही जात नाहीत. धागा इतका बारीक असतो की कोरडा असताना डोळ्याला दिसत नाही. सकाळी त्यावर दवाचे थेंब बसतात म्हणून ते पांढरे दिसते, आणि ऊन चढले की थेंब जातात. दुपारी इस्त्रीवाल्याकडे असतो तसला पाण्याचा फवारा घ्या आणि त्याच जागी वरून अगदी बारीक तुषार सोडा. सगळी जाळी होती तिथेच सापडतील. काही जण मक्याचे पीठ भुरभुरतात, त्यानेही जाळे उठून दिसते, पण पिठाने माखलेले जाळे कोळ्याच्या कामाचे राहत नाही. पाणी सुकते. मी पाणीच वापरतो.

म्हणजे बागेत कोळी अचानक वाढले असे तुम्हाला वाटतेय, ते बहुतांशी दवामुळे. पावसाळ्यातही ते होतेच. फक्त सरींनी जाळी फाटत होती आणि ते पानांच्या खाली दबून होते.

मी नावाआधी जाळे बघतो. कोळी हलतो, लपतो, वाळतो. जाळे जागेवर असते आणि फोटोपेक्षा जास्त बोलते. पोटाखाली गोणपाट टाका, सरळ पालथे पडा, दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावा. बघायचे ते असे. कोळी चादरीच्या वर आहे की खाली? पळून जाण्यासाठी भोक आहे का? चादरीच्या वर आडवेतिडवे धागे आहेत का? चादर जमिनीपासून किती वर आहे?

खाली लटकलेला असेल आणि भोक नसेल तर चादरकोळी. चादर जमिनीला जवळजवळ टेकलेली असेल, गुराच्या खुराने पडलेल्या खळग्यावर किंवा दोन खड्यांच्या मधे रुपयाएवढी पसरलेली, आणि कोळी जाळ्यात दिसतच नसेल, कडेच्या ढेकळाखाली दडलेला असेल, तर तो हॅनिडी कुळातला असू शकतो. त्याची खूण भिंगाखाली झकास दिसते: पोटाच्या टोकाला सूत काढणारे सहा अवयव एका आडव्या ओळीत, फणीच्या दातांसारखे. इतर कोळ्यांत त्यांचा जुडगा असतो. गोठ्याच्या वाटेवर, जिथे चिखल नुकताच वाळतोय, तिथे शोधा. माझ्या वाट्याला आलेले निम्मे तरी हॅनिडी खुराच्या ठशांतून मिळाले आहेत.

चादरच नसेल, गुंडाळलेल्या पानाच्या पोकळीत नुसता विस्कटलेला गुंता असेल तर थेरिडिडी कुळाचा विचार करायचा, घरातल्या कोपऱ्यातल्या जाळ्यांच्या भाऊबंदांचा. आणि पाय अंगापेक्षा कितीतरी लांब असतील, डिवचल्यावर सगळे जाळे गदगदा हलवत असेल तर फोलसिडी. छपराखाली लोंबणाऱ्या लांबटांग्या कोळ्यांच्या त्या कुळातही पातेऱ्यात राहणारे बारके सदस्य आहेत.

आता 'बहुधा'ची गोष्ट. बरीच वर्षे झाली, कणकवलीकडच्या एका शिक्षकांनी असाच पातेऱ्यातला एक फोटो पाठवला होता. मी तासाभरात कूळ, प्रजाती, सगळे लिहून मोकळा झालो. शिक्षक माझ्यापेक्षा शहाणे निघाले. त्यांनी तो कोळी ओल्या कापसासह औषधाच्या बाटलीत ठेवला, बारीक किडे घालत राहिले, दोनदा कात टाकू दिली. तो नर होऊन वयात आल्यावर भिंगाखाली घातला तर चौथ्या पायाच्या टोकाशी दातेरी केसांची फणी. थेरिडिडी. मी सांगितलेले कूळसुद्धा चुकले होते. जाळ्याचा फोटो मी मागितलाच नव्हता, नुसता कोळी बघून बोललो होतो. तेव्हापासून पिल्लाचे नाव सांगत नाही.

जात ठरवायला वयात आलेला कोळी लागतो. नराच्या तोंडाशेजारचे दोन आखूड अवयव, पाल्प, टोकाला फुगलेले असतात, लहान मुलाने हातात मोठे मोजे घातल्यासारखे. त्या फुगीर भागातल्या आकड्या-वळणांवरून जात कळते. मादीच्या पोटाखाली जननछिद्रावर एक कडक झडप असते, ती बघावी लागते. दोन मिलिमीटरच्या कोळ्यात हे भाग केवढे असतील विचार करा. सूक्ष्मदर्शक, ७० टक्के अल्कोहोल आणि दुखणारी मान, तिन्ही लागतात. रंगावर जाऊ नका. या आकाराचे कोळी बहुतेक तपकिरीच असतात, आणि अल्कोहोलमध्ये तर सगळेच फिके पडतात.

शिवाय एक व्यावहारिक अडचण. एप्रिल २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संग्रहालयाकडून चालवल्या जाणाऱ्या जागतिक कोळीसूचीत पन्नास हजारावी जात नोंदली गेली. भारताचा आकडा दोन हजारांच्या आसपास फिरतो. या यादीत बागेतले मोठे, रंगीत, चक्राकार जाळीवाले कोळी आधी आले, कारण ते दिसतात. पातेऱ्यातल्या दोन-तीन मिलिमीटरवाल्यांकडे वळायला माणसे कमी, डोळे आणि पैसे त्याहून कमी. तुमच्या बागेतल्या कोळ्याला अजून नावच नसेल, हीसुद्धा अगदी अशक्य गोष्ट नाही. म्हणून हुरळून जाऊ नका, बहुतेक वेळा नाव असते, फक्त ते शोधून काढणारा मिळत नाही.

विषाचे लवकर उरकतो. काही मोजकी कुळे सोडली तर सगळ्याच कोळ्यांना विष असते, कारण भक्ष्य लुळे करायला ते लागते. पण नाचणीच्या दाण्याएवढ्या कोळ्याचे दात तुमच्या कातडीत शिरतच नाहीत. मी हे कोळी हजारो वेळा उघड्या हाताने उचललेत, एकदाही चावा जाणवला नाही. बायकांना हे सांगा, पण पातेऱ्यात हात घालायला बिनधास्त सांगू नका. पातेऱ्याखाली आणि गडग्यात भिण्यासारखे दुसरे आहे. फुरसे आहे, घोणस आहे, आणि लाल विंचू आहे. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे दगावत असत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला तेव्हापासून चित्र पालटले, पण दवाखान्यात वेळेवर पोचावे लागतेच. तेव्हा पातेरा हाताने नाही, दाताळ्याने ओढायचा, पायात गमबूट, आणि दगड उलटायचा तर आपल्या बाजूने उघडेल असा कधी उलटायचा नाही, पलीकडून उचलायचा. ही काळजी बायका आजवर घेत नसतील तर कोळ्याच्या निमित्ताने सुरू होऊ दे.

आता बागेला उपयोग किती? इथे मला थोडे कडू बोलावे लागेल, कारण 'कोळी शेतकऱ्याचा मित्र' असे लिहिलेले फलक मी बरेच पाहिले आहेत. पातेऱ्यातला चादरकोळी तुमचा हापूस वाचवणार नाही. मोहोरावरचा तुडतुडा वरती मोहोरावर असतो, कोळी खाली पानांत. काजूवरचा ढेकण्या कोवळ्या पालवीवर असतो, तोही वर. खोड पोखरणारा रोठा खोडाच्या आत. फळमाशीची अळी फळातून पडून मातीत कोषात जाते खरी, पण कोषातून निघालेली माशी या कोळ्याच्या कितीतरी पट मोठी. ती चादर फाडून निघून जाईल. भातात गोष्ट वेगळी आहे. तिथे चुडाच्या बुडाशी राहणारे चादरकोळी तुडतुड्यांची बारकी पिल्ले खातात, कारण दोघेही एकाच उंचीवर असतात. बागेत हे जमत नाही.

मग तो खातो काय? पातेऱ्याचा वरचा थर बाजूला करा, ओलसर पाने हलवा. टुणकन उडणारे पांढुरके कण दिसतील. ते स्प्रिंगटेल. पोटाखाली दुमडलेली शेपटी झटकून ते उडतात, कुजणारे पान आणि त्यावरची बुरशी खातात. उडी मारून खाली येताना चादरीवर पडतात. चादर फार चिकट नसते, पाय गुंतवून ठेवण्यापुरती. तेवढ्यात कोळी खालून धावत येतो, चादरीतूनच चावतो, भक्ष्य खाली ओढून घेतो आणि पडलेले भोक सवडीने बुजवतो. भिंग धरून अर्धा तास बसलात तर एखादा प्रसंग बघायला मिळेल. दिवाळीच्या सुट्टीत पोरांना दाखवा.

स्प्रिंगटेल पाला कुजवायला मदत करतात, आणि कोळी स्प्रिंगटेल खातात. म्हणजे कोळी असल्याने पाला कुजायचा मंदावतो का? जंगलात कुंपणे घालून, कोळी काढून हे तपासणारे प्रयोग झालेत. त्यांचे उत्तर एकसारखे आले नाही. ओलावा किती, यावर परिणाम बदलतो. म्हणून कोळी असला की खत चांगले होते, असले वाक्य मी लिहिणार नाही. मला त्यातून एवढेच वाचता येते की जिथे चादरकोळी भरपूर आहेत तिथे खाली स्प्रिंगटेल आहेत, जिथे स्प्रिंगटेल आहेत तिथे बुरशी आणि ओल आहे, आणि जिथे ओल आहे तिथला पाला मातीत जातोय. चमचाभर मातीचा तपासणी-अहवाल समजा, फुकटातला. कातळाच्या कडेच्या जमिनीत माती किती असते तुम्हीच सांगा. वीतभर? तिला वर पांघरूण मिळतेय हे ती जाळी दाखवतात.

काजूचे पान या कामाला फार चांगले. जाड, चामड्यासारखे, कुजायला वेळ घेणारे, आणि वाळताना वळते. त्यामुळे थरांत पोकळ्या राहतात आणि चादर ताणायला खांब मिळतात. आंब्याचे पान लांब आणि बरेचसे सपाट, एकावर एक चिकटून बसते. त्याच्या पातेऱ्यात मला जाळी कमी मिळतात. अमेरिकेतल्या जंगलांत पातेऱ्याची जाडी आणि पानांचे वळण मुद्दाम कमीजास्त करून पाहिले, तेव्हाही कोळ्यांची संख्या आणि प्रकार त्याप्रमाणे बदलले होते. कोळ्याला अन्नाइतकीच जागेची रचना लागते. पोफळीच्या वाडीत, जिथे शिंपण चालू असते, तिथे उन्हाळ्यातही ते टिकून राहतात. तुमच्या बागेत मार्च-एप्रिलमध्ये वरचा पाला कडकडीत होईल आणि जाळी दिसेनाशी होतील, तेव्हा घाबरून पुन्हा मला लिहू नका. ते खालच्या थरात सरकलेले असतात.

आता वडिलांची काडेपेटी. त्यांना चूक ठरवायच्या आधी त्यांची बाजू ऐका, कारण तीत तीन गोष्टी खऱ्या आहेत. एक, काजूची बी जमिनीवरून वेचायची असते. बोंडू पातेऱ्यात पडला तर बी हरवते, बायकांचा दिवस शोधण्यात जातो. दोन, रोठ्याचा भुसा आणि डिंक बुंध्याशी दिसायला हवा, पातेऱ्याने बुंधा झाकला की लागण कळेपर्यंत झाड गेलेले असते. तीन, वणवा. कातळावरचे वाळलेले गवत पेटले की कोरडा पातेरा बाग घेऊन जातो. जाळणारा माणूस उगीच जाळत नाही, त्याने कधीतरी जळताना पाहिलेले असते.

तेव्हा मी स्वतःच्या बागेत जे करतो ते सांगतो, तुमच्या जमिनीप्रमाणे फेरफार करा. गडग्याच्या आतून आणि रस्त्याच्या कडेने गवत-पाला पूर्ण साफ, निदान तीन-चार मीटरची जाळरेषा, डिसेंबर संपायच्या आत. त्यात कोळी गेले तर गेले. बुंध्याभोवती हातभर जागा उघडी. झाडाच्या पसाऱ्याखालचा पाला बी पडायला लागायच्या थोडा आधी, म्हणजे जानेवारी संपता संपता, ओढायचा, पण तो पेटवायचा नाही, दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात लोटायचा. तिथे तो ढीग होऊन बसतो, खालून ओलसर राहतो, आणि ओढताना निसटलेले कोळी त्यातच घुसतात. नवीन कलमे लावली असतील तर थोडा त्यांच्या आळ्यात, उन्हाळ्यात ओल धरून ठेवायला. गोठा असेल तर दोन हारे गुरांखाली अंथरायला. भाजावळ (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणे) करत असाल तर त्यासाठीही घ्या, पण जाळरेषेच्या पट्ट्यातला घ्या, मधला नको. हे सगळे वडिलांना 'कोळी वाचवायचे आहेत' म्हणून सांगू नका. माझे वडील असते तर त्यांनी मला वेड्यात काढले असते. ओल टिकते, कलमांना पाणी कमी लागते, एवढे सांगा. ते खरेही आहे.

फवारणीचा सल्ला मात्र सरळ नाकारा. ज्याने तुमचे काहीच बिघडवले नाही त्यावर औषध कशाला? पालवी, मोहोर आणि फळधारणेच्या वेळी ढेकण्यासाठी फवारणी करावी लागते तेव्हा दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे करा, आणि औषध पानांवर बसेल इतकेच मारा, खाली ओघळेपर्यंत नको. लॅम्डा-सायहॅलोथ्रिन, डेल्टामेथ्रिन या गटातली औषधे कोळ्यांना फार लागतात. फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी दवात बघितलेत तर झाडाखाली जाळी विरळ झालेली दिसतील, ओळींच्या मधे शाबूत असतील. तुमच्या पंपाची धार कुठे पडते याचा तो नकाशाच.

कोणी विचारेल, जाळला पातेरा तरी पुढच्या वर्षी कोळी परत येतातच की. येतात. चादरकोळी उडत येतात. थंडीच्या सुरुवातीला, ऊन जरा तापले की हे कोळी गवताच्या टोकावर चढतात, पाय ताठ करून पोट वर उचलतात आणि हवेत सूत सोडतात. सुताबरोबर तेही जातात. सड्यावर दुपारी सूर्याकडे तोंड करून उभे राहिलात तर चमकणारे लांब धागे वाहताना दिसतील. डार्विनने १८३२ मध्ये अर्जेंटिनाच्या किनाऱ्यापासून साठ मैलांवर, बीगल जहाजाच्या दोरखंडांवर असेच कोळी उतरलेले पाहिले होते. नुसत्या वाऱ्याचे हे काम नाही. २०१८ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी वारा बंद करून नुसत्या विद्युतक्षेत्रात कोळी वर उचलले जातात हे दाखवले, आणि त्यासाठी त्यांनी वापरले ते याच चादरकोळ्यांच्या कुळातले.

पण उडून येणारे येतात, सगळे येत नाहीत. हे मला देवराईत कळले. गावातल्या मानकऱ्यांना विचारून मी जेव्हा राईतला पातेरा चाळतो (भाताची चाळण, खाली पांढरा पंचा, आणि पंचावर हलणारे सगळे टिपायला ओलसर कुंचला), तेव्हा तिथे जे मिळते ते जाळलेल्या बागेत मिळत नाही. तिथे पानांच्या मधल्या फटीत नाण्याहून लहान, आडवी, चक्राकार जाळी असतात, मोजून मिलिमीटरभराच्या कोळ्यांची. त्यातल्या सिम्फिटोग्नॅथिडी कुळात मादीला पाल्पच नसतात, आणि श्वास घ्यायला इतर कोळ्यांसारखी पुस्तक-फुप्फुसेही (पुस्तकाच्या पानांसारखी थरांची फुप्फुसे) नसतात. याच कुळात कोलंबियातला पाटू डिग्वा येतो, ज्याच्या नराची लांबी ०.३७ मिलिमीटर भरली. असले कोळी ओलीतून बाहेर काढले की पंचावर पाच मिनिटांत आकसून जातात. अशा प्राण्याने कातळ ओलांडून तुमच्या बागेत यावे अशी अपेक्षा करता येत नाही. राईला लागून बाग असेल आणि मधला पट्टा वर्षानुवर्षे अबाधित असेल तर कदाचित. तुमच्या शेजारी राई आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. असेल तर त्या बाजूचा पातेरा अजिबात हलवू नका, बाकी ठिकाणी वर सांगितले तसे करा.

नमुना पकडून पाठवू का, असेही तुम्ही शेवटी विचारलेय. घाई नको. टपालाने अल्कोहोल पाठवणे हा वेगळाच ताप आहे. त्यात तुमच्या फोटोतला कोळी मला वयात आलेला वाटत नाही, पाल्प बारीक दिसतात. आपल्या बागेतले दोन-चार कोळी बघायला घेणे ही एक गोष्ट, पण जंगलखात्याच्या जमिनीतून परवानगीशिवाय काही उचलू नका. आणि राईतून उचलायचे तर गावाला विचारल्याशिवाय तर नाहीच.

त्यापेक्षा एक करा. पंधरा दिवस थांबा, थंडी जरा स्थिरावू दे. सकाळी साडेसातच्या आत जा. आधी जाळ्याचा फोटो, वरून आणि मग जमिनीच्या पातळीवर आडवा, शेजारी एक नाणे ठेवून. मग कोळ्याचा, तो लटकलेला असताना खालून, पोटाची बाजू दिसेल असा. पान हळूच उचलून फोनचा कॅमेरा खाली सरकवला की जमते. पाल्प मोज्यासारखे फुगलेले कोळी दिसले तर तेवढे मला कळवा. आणि जाळ्याच्या कडेला कुठे भोक दिसले तर तो फोटो राहू द्या, हिप्पासा माझ्या अंगणातही आहे.